नातवासाठी पुस्तक

सोलापूर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

नातवाच्या तिसऱ्या वाढदिवसाला कोणते पुस्तक द्यावे, असे तू विचारले आहेस. एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ दे. १९६९ साली निघालेले हे पुस्तक मी माझ्या मुलासाठी आणले होते. आता तीच प्रत नातीच्या ताब्यात आहे.

सोमवारी एक सफरचंद, असे करत करत शुक्रवारी पाच संत्री फस्त करणाऱ्या अळीची ही गोष्ट आहे. फळांची पाने क्रमाने रुंद होत जातात आणि अळीने पोखरलेल्या प्रत्येक फळाला खरोखरचे भोक असते. कार्ल यांनी पातळ कागद आधी रंगवले आणि मग कापून चिकटवले. त्यामुळे अळीच्या हिरव्या अंगावर कुंचल्याचे फराटे स्पष्ट दिसतात. नात प्रत्येक भोकात बोट घालते, पान उलटून ते पलीकडे निघाले का हे पाहते, आणि तिची खात्री पटेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. शनिवारी केक, आइस्क्रीम, लोणचे असे वाटेल ते खाऊन अळीचे पोट दुखू लागते, तेव्हा नात आजीकडे ओवा मागायला धावते.

माझे एवढेच सांगणे आहे, की या पुस्तकावरून त्याला आकडे आणि वार शिकवायला बसू नकोस. गोष्ट आपल्या मराठीत सांग, आणि तो एखाद्या चित्रावर रेंगाळला तर गप्प राहा. आपण मोठी माणसे मजकूर संपला की पान उलटतो. मुलांचे पाहणे मात्र तेव्हा कुठे सुरू झालेले असते.

या पावसाळ्यात आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरवी अळी आली आहे. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले असल्याने काही फुलपाखरे दोन्हींवर अंडी घालतात. नातीने तिच्यापुढे संत्र्याची फोड ठेवली. अळी पानच कुरतडत राहिली. तेव्हापासून पुस्तकातली अळी रविवारी हिरवे पान खाते, ते चित्र ती प्रत्येकाला दाखवत सुटली आहे.

जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती घे, कारण पातळ पाने भोकांपाशी लवकर फाटतात. तुझ्याकडे मिळाली नाही तर कळव. मी इथून मागवून वाढदिवसाच्या आत पाठवीन.

वहिनींना नमस्कार, नातवाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र