व्हॉल्व्हखालच्या कोरड्या पुठ्ठ्याबद्दल

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या १०० केव्हीए जनरेटरचं बिल चुकतं झालं, पण आभार राहिलेच.

तुमच्याआधी दोघे येऊन गेले. दोघांनी फाटलेला बेलो, म्हणजे धुराच्या पाइपमधला लवचिक जोड, बदलला. तो का फाटतो हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. तुम्ही नवा बेलो खोक्यातून काढलाच नाहीत, आधी फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट सैल केले. पाइप अर्धा इंच बाजूला उडाला! सायलेन्सरचं वजन आणि चुकलेली लाइन, सगळं त्या बिचाऱ्या बेलोवर. बेलो असतो इंजिनची थरथर आणि तापलेल्या पाइपची वाढ झेलायला. आधी पाइप हँगरवर पेलायचा, मग बेलो सरळ बसवायचा, न पिळता, न ताणता. हे उलटं केलं की आज बेलो फाटतो, उद्या इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला चीर जाते.

चार इंची पाइपात घुसवलेले तीन इंची एल्बोही तुम्ही काढले. धूर तिथे कोंडायचा आणि काळ्या धुराचं खापर उगाच डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर फुटत होतं. आडव्या पाइपला उतार इंजिनपासून दूर दिलात आणि उभ्या पाइपच्या पायथ्याशी पाणी काढायचा प्लग. आधी पावसाचं पाणी सरळ इंजिनकडे यायचं. धुराचं तोंड आता गच्चीच्या २ मीटर वर आहे (०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशेब).

ऑइल ड्रेनचं, म्हणजे इंजिनातलं जुनं ऑइल काढायच्या वाटेचं, काम त्याहून नाजूक. आधीच्यांनी इंजिनखालच्या ऑइल चेंबरपासून बेसफ्रेमपर्यंत कडक पाइप जोडला होता. इंजिन रबरी माउंटवर डोलतं, फ्रेम हलत नाही. मग ताण चेंबरच्या आट्यांवर येणारच. वर टेफलॉनचे सात वेढे! सरळ आट्यांचा ड्रेन बोल्ट सील होतो तो तांब्याच्या वायसरवर. टेफलॉनच्या चिंध्या आत गेल्या तर पंपाच्या जाळीत अडकतात. तुम्ही नवा वायसर टाकलात, जाळीदार हायड्रॉलिक होज लावलात, तो कुठेही ड्रेनच्या छिद्रापेक्षा वर जाऊ दिला नाहीत, बॉल व्हॉल्व्ह फ्रेमला घट्ट बांधलात आणि त्याच्या तोंडाला प्लग मारलात. चुकून दांड्याला पाय लागला तरी ऑइल सांडायचं नाही.

एवढं नीट काम करणारे आणखीही असतील. पण जाताना तुम्ही व्हॉल्व्हखाली एक कोरा पुठ्ठा सरकवलात आणि सकाळी न बोलावता आलात. सेट अर्धा तास लोडवर चालवलात, थंड होऊ दिलात, फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळलेत. मग पुठ्ठा ओढून उजेडात धरलात, पाठपोट बघितलात. एक ठिपका नाही. 'झालं,' एवढंच म्हणालात आणि निघालात. त्या फेरीचे पैसेही लावले नाहीत. गॅरंटीचा कागद आधीच्यांनीही दिला होता, शिक्क्यासकट. पुठ्ठा कुणी ठेवला नव्हता.

मीटरवर २५० तास पडले की ऑइल बदलायला फोन करतोच.

आपले,
डीजी (डिझेल जनरेटर) रूम सांभाळणारे