पिस्तुलाचे कॅलिबर बदलणे ही खासगी बाब नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिस्तुलाचा परवाना असलेल्या काही नागपूरकरांमध्ये असा समज आढळतो की, शस्त्र एकदा कायदेशीररीत्या आपल्या नावावर झाले की त्याची नळी बदलून ते दुसऱ्या कॅलिबरचे (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे, ज्याला बोअरही म्हणतात) करून घेणे हा आपला खासगी प्रश्न आहे. '.३२ बोअरपेक्षा ९ मि.मी. दमदार, मग एखाद्या कारागिराकडून तसे करून मिळेल का,' अशी विचारणा अगदी नेमबाजीच्या रेंजवरही होते. मी बरीच वर्षे २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करतो आणि नवोदितांना शिकवतो, त्यामुळे या विचारणेकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची निर्मिती, विक्री आणि दुरुस्ती यांच्याबरोबर त्याचे रूपांतर करण्यासाठीही वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील वर्गवारी तर आणखी बारकाईने वाचण्यासारखी आहे. लष्करी वापराचे ९ मि.मी. काडतूस ज्याच्या चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतुसाच्या खोबणीत) बसते आणि ज्यातून ते झाडता येते, असे कोणत्याही बोअरचे पिस्तूल तिथे प्रतिबंधित ठरते. म्हणजे नळीवर कोरलेला आकडा जुनाच राहिला, तरी आत काय बसू शकते यावर निर्णय होतो आणि आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेला सज्जन माणूस एका फेरफारामुळे गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरू शकतो.

कायदा बाजूला ठेवला, तरी धातू कुणाची गय करत नाही. युरोपीय मानकानुसार .३२ पिस्तुलाच्या एसीपी या काडतुसाचा कमाल दाब १६०० बार (दाबाचे एकक) आहे, तर ९ मि.मी. पॅराबेलम काडतुसाचा २३५० बार. .३२ ची बहुतेक पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत गोळी सुटतानाचा मागचा रेटा केवळ स्लाइडचे (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचे) वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच पेलला जातो. ९ मि.मी.च्या बहुतांश पिस्तुलांत मात्र दाब उतरेपर्यंत नळी व स्लाइड एकमेकांत अडकून राहतात. ही रचना नळी बदलल्याने निर्माण होत नाही. शिवाय कारखान्यातून बाहेर पडणारे पिस्तूल जादा दाबाच्या काडतुसाने तपासलेले असते, आणि खासगी फेरफारानंतर त्या चाचणीला काहीही अर्थ उरत नाही. अशी नळी फाटली किंवा काडतुसाचे कवच फुटले, तर पहिली इजा झाडणाऱ्याच्याच हाताला आणि डोळ्यांना होते.

हे सगळे इतक्या कळकळीने लिहिण्याचे कारण असे की, कॅलिबर बदलण्याचा एक रास्त आणि सुरक्षित प्रकारही आहे, आणि वरच्या उद्योगांमुळे तोही संशयाच्या फेऱ्यात येतो. आमच्या खेळात सेंटर फायर हा प्रकार ७.६२ ते ९.६५ मि.मी. कॅलिबरच्या पिस्तुलाने खेळला जातो. ३० गोळ्या अचूकतेच्या आणि ३० जलद टप्प्याच्या. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह सुवर्णपदक जिंकले, ते याच प्रकारात. वॉल्थर जीएसपीसारखी पिस्तुले .२२ आणि .३२ अशा दोन्ही कॅलिबरांत बनवली गेली. अशा पिस्तुलांसाठी निर्माताच नळी, बोल्ट (काडतुसाला मागून टेकणारा सरकता भाग) आणि मॅगझिन असा पूर्ण, तपासलेला संच देतो. .२२ च्या रिमफायर काडतुसात ते पेटवणारी फायरिंग पिन कडेवर आदळावी लागते आणि .३२ च्या सेंटर फायरमध्ये मध्यभागी, त्यामुळे एकटी नळी बदलून भागतच नाही. अशा संचामुळे खेळाडूला हाताच्या मापाने घडवलेली तीच मूठ वापरून स्वस्त .२२ काडतुसांवर सराव करता येतो आणि स्पर्धेत .३२ झाडता येते. सामान्य घरातल्या मुलामुलींना दोन महागडी पिस्तुले घेणे परवडत नाही, हे मी रोज पाहतो.

अर्थात हा संचही परवानगीशिवाय आणता येत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागही अग्निशस्त्रच मानले जातात. ही अट योग्यच आहे. माझी मागणी एवढीच आहे की, नागपूर शहरासाठी पोलीस आयुक्तालयाने आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा प्रशासनाने निर्मात्याच्या संचासाठी कोणता अर्ज करायचा, परवान्यावर त्याची नोंद कशी होते, दोन्ही कॅलिबरांच्या काडतुसांची मर्यादा कशी ठरते, हे एका पानात सोप्या मराठीत प्रसिद्ध करावे. त्याच पानावर खासगी रूपांतराला मनाई असल्याचे आणि त्याच्या शिक्षेचे कलमही ठळकपणे छापावे, आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते पान प्रत्येक परवानाधारकाच्या हाती द्यावे.

आपला,
एक नेमबाज, धरमपेठ, नागपूर