ऑपरेशन झालं म्हणजे दुखणं गेलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली एका मुलीच्या 'कियारी' या मेंदूच्या जन्मजात दुखण्यावरच्या ऑपरेशनची बातमी वाचली. माझ्या सुनेलाही हेच दुखणं आहे. त्या मुलीला आराम पडला याचा आनंद आहे, तिला उदंड आयुष्य लाभो. पण 'जन्मजात व्याधीतून कायमची मुक्त' हा मथळा कुणी दिला? दुपारी गल्लीतल्या दोघी अंक घेऊन आमच्या दारात आल्या. "बघा काकू, ही ठणठणीत झाली. तुमच्या सुनेचं ऑपरेशन कधीच झालंय, तरी ती घरातच बसून!" सून आत भाजी निवडत होती. सगळं ऐकलं तिनं.

या दुखण्यात लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या भोकातून मानेत उतरतं आणि मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते. ऑपरेशनमध्ये मागचं थोडं हाड काढून जागा करून देतात. खोकताना, शिंकताना मानगुटीतून उठणारी कळ त्यानं बहुतेकांची कमी होते, सुनेचीही झाली. पण मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाली असेल, तर हाताची गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. दुखणं आहे तिथं थांबवायचं, यासाठीच मुख्यतः ते ऑपरेशन. आम्हाला डॉक्टरांनी सही घेण्याआधी हे समजावलं होतं. तुमच्या वार्ताहरानं एवढं विचारायला नको होतं?

सुनेच्या हाताला पीठ लागलेलं कळतं, चटका कळत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भाकरी उलटताना तिची बोटं तव्याला टेकली ती टेकलीच. करपल्याचा वास आला म्हणून मी वळून बघितलं. कातडी सोलून निघालेली, आणि ही मलाच विचारते, "आई, कसला वास येतोय?" तोवर मान धरलीय, मणक्याची झीज आहे, टेन्शन घेऊ नका, असं म्हणत इंजेक्शनं चालली होती. डोक्याचा सीटी स्कॅनही नॉर्मल आला होता. डोक्याचा आणि मानेचा एमआरआय काढला तेव्हा कुठं दुखण्याचं नाव कळलं. मग 'माहेरच्यांनी लपवून दिली' असंही लोक बोलले. दोष जन्मापासूनचा असला तरी पुष्कळांना त्रास तरुणपणीच सुरू होतो. तिच्या आईबापांना कुठून ठाऊक असणार?

आता ती गवताचा भारा उचलत नाही, घागर डोक्यावर घेत नाही. मीच घेऊ देत नाही. छापायचंच तर हे छापा: खोकल्यावर डोकं मागून फुटल्यासारखं होत असेल, हाताला गरम-गार कळत नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. हातपाय वरून धड दिसतात, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी फेऱ्या चालू आहेत. ४० टक्क्यांच्या खाली धरलं तर बहुतेक सवलती गेल्या. आमचा तालुका कर्नाटकात, त्यामुळे अर्ज कानडीत, सूचना कानडीत. मराठी अर्ज मागितला की खिडकीतून एवढंच येतं, "कन्नडदल्ली बरीरी," म्हणजे कानडीत लिहा. जन्म गेला आमचा मराठी शाळेत शिकवण्यात, या वयात आजारी सुनेचा अर्ज भरायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं.

सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली जाहीर केलं, तेव्हा पेपरांत केवढे मथळे आले होते. ती योजना आमच्यासारख्यांच्या हाती कशी पडते, कागदपत्रं कोणती लागतात, कोणत्या दवाखान्यात चालते, हे एकदा सविस्तर छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका