क्लच जळाले, कारण बुश झिजले होते

कोलंबस, ओहायो

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या ऑटोमॅटिक पिकअपचे क्लच जळाले म्हटल्यावर परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पायाला क्लच नाही म्हणतोस, मग जळाले ते क्लच कुठले?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय जेवणावर गेला. म्हणून सविस्तर लिहितोय. सोबत शेवटी सांगितलेल्या अवजाराच्या स्केचचा कागद आहे, तो उद्यमनगरात शेडवर घेऊन जा.

ऑटोमॅटिकचे क्लच गिअरबॉक्सच्या पोटात असतात, तेही एक नाही, चार-पाच. स्टीलची प्लेट, फ्रिक्शनची प्लेट, पुन्हा स्टील, अशी थप्पी आणि तिच्यामागे पिस्टन. पिस्टनवर तेलाचा दाब आला की थप्पी आवळते आणि गिअर लागतो. दाब तयार करतो पुढचा पंप, तो इंजिनाबरोबर फिरतो. जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्डस्मोबाइलमध्ये हायड्रामॅटिक दिला, तेव्हाही गिअर तेलाच्या दाबावरच पडत होते. आता ते तेल कुठे सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, एवढाच फरक.

आमच्या पिकअपचं झालं असं की सकाळी डी (पुढे जायचा गिअर) टाकला तरी गाडी दोन-तीन सेकंद ढिम्म. तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, ओढ नाही. आणि पुढून तेल गळायचं. एका गॅरेजवाल्यानं पुढचं सील बदलून दिलं, थोड्या दिवसांत पुन्हा जमिनीवर लाल डाग. मग पूर्ण रिबिल्डचे त्यानं तीन हजार डॉलरच्या वर सांगितले. म्हटलं, लेथच्या आवाजात वाढलेला माणूस मी, बघू उघडून.

पंप सुटा केल्यावर सगळा उलगडा झाला. पंपाच्या बॉडीत एक बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला धरणारी बारकी नळी, असतो: पोलादी पाठ, तिच्यावर तांबूस ब्राँझ आणि आत व्हाइट मेटलचा पातळ थर, तुमच्या ऑइल इंजिनाच्या बेअरिंगसारखाच प्रकार. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ओढ तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा, त्याचा हब (मधली नळी) त्यात फिरतो. एका अंगाला थर पार निघून खालचं तांबूस दिसत होतं, समोरच्या अंगाला अजून राखाडी. क्लिअरन्स नऊ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) भरला, असायला हवा दोन-तीन. एवढा हब डगडगायला लागल्यावर सीलचं रबर त्याच्यामागे किती पळणार? सील बिचारं नवंच होतं.

पण गळती ही बाहेर दिसणारी गोष्ट. खरं नुकसान आत. गिअरबॉक्समध्ये असे अनेक बुश असतात, त्यातले बरेच शाफ्ट सेंटरला धरतात आणि शिवाय तेल अडवतात. शाफ्टच्या आतून, बाजूनं तेलाच्या वाटा जातात, त्यांच्या कडेला हे बुश बसलेले. आपल्या पाटाला खेकड्यानं भोक पाडलं की मोटर जोरात चालू असते आणि शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसं होतं. शाफ्ट हलला की सीलिंग रिंगाही झिजतात, म्हणजे आणखी भोकं. दाब अपुरा, थप्पी अर्धवट आवळलेली, प्लेटा घसरून काळ्या. करपट वास अजून गॅरेजमधून गेलेला नाही. रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं, सकाळच्या त्या ढिम्मपणाचं कारण ते.

इथं लोक महागडे क्लच मागवतात आणि बुश पुसून तसेच ठेवतात. बुशांचा अख्खा सेट पन्नास डॉलरच्या आत मिळतो! ते न बदलता नवे क्लच टाकायचे, म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची तयारी ठेवायची.

आता तुमचा पुढचा प्रश्न: रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) मारलास का? नाही. हे बुश फिनिश मापाचे येतात. रीमर फिरवला तर कामाचा थरच निघून जाईल. जुना काढताना अरुंद छिन्नीनं सांध्यावर आत दुमडून घेतला, हाउसिंगला ओरखडा न जाऊ देता. नवा बसवण्याआधी भोकाच्या तोंडाची बर (धातूची उठलेली कड) काढली, पाठीला लॉकटाइटचा (धातू चिकटवायच्या द्रवाचा) थेंब लावला, तेलाचं भोक भोकासमोर आणलं आणि जुना जितका आत होता तितकाच दाबला. दाबल्यावर आतलं माप थोडं आवळतं, म्हणून क्लिअरन्स नंतर पुन्हा घेतला. हातोड्यानं ठोकणारे आहेत, पण तिरका गेला की कड दुमडते. शेजाऱ्याचा प्रेस आहे, तो वापरतोय.

वेस्ट (पुसायचे सुती धागे) मात्र इथं अजिबात चालत नाही. एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) अडकला की व्हॉल्व्ह जाम. आणि ग्रीसही नाही. बॉल, वॉशर जागेवर चिकटवायला व्हॅसलिन लावतात, कारण ते गरम तेलात विरघळून जातं. थंडीनं ते असलं घट्ट होतं की डबी हीटरजवळ ठेवून बसावं लागतं.

क्लचचे ड्रम भरून झाले की तेलाच्या भोकातून हवा मारून बघतो. आतून ‘टक्’ असा जाड आवाज आला की पिस्टन बसला. नुसतं फुस्स झालं तर परत उघडायचं. शेवटी कन्व्हर्टर चढवताना तो फिरवत फिरवत पूर्ण आत गेला पाहिजे. गिअरबॉक्सचा शाफ्ट, स्टेटरचा स्थिर दांडा आणि पंप तिन्ही पकडल्याशिवाय बोल्ट आवळले, तर नवा पंप तिथंच फुटतो.

आता राहिलाय केसच्या मागच्या टोकातला बुश. तो इतका आत आहे की शेजाऱ्याकडचा एकही ड्रायव्हर (बुश दाबून बसवायचा दांडा) पोचत नाही. तेवढा तुम्ही फिरवून द्या. ईएन-८ पोलादाचा राउंड (गोल सळई) घ्या. पुढचा पायलट (बुशात शिरणारं टोक) बुशच्या आतल्या मापापेक्षा तीन थाऊ कमी, मग खांदा, आणि खांद्याचा ओडी (बाहेरचा व्यास) हाउसिंगच्या भोकापेक्षा थोडा लहान, नाहीतर ड्रायव्हरच आत अडकेल. मागचा दांडा लांब हवा. मापं मिलिमीटरमध्ये स्केचवर आहेत. पायलटच्या कडेला छोटा चॅम्फर (तिरका उतार) द्या.

मामांचा मुलगा जानेवारीत येतोय, त्याच्याकडे द्या. मोठ्या बॅगेत ठेव म्हणावं, हातातल्या बॅगेत ठेवला तर मुंबईलाच काढून घेतील. तेल पुसून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, कारण त्याच बॅगेत आई कांदा-लसूण चटणी भरणार हे मला माहीत आहे.

आईस सा. न.

तुमचा,
धाकटा