डॉक्टर मॅडम, तुम्ही मला उठू दिलं नाहीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी वडगावचा विणकर. गेल्या श्रावणात मध्यरात्री डावी कूस दाबून धरत तुमच्या कॅज्युअल्टीत आलेला. तुमचं शिक्षण संपलं आणि तुम्ही बेळगाव सोडलंत, असं वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं. पत्ता नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय.

आमच्याकडं कुशीत कळ म्हटली की मुतखडाच. आदल्या दिवशी एका दवाखान्यात तेच औषध झालं. सोनोग्राफीत खडा नव्हता, तर "पडून गेला असेल" म्हणाले. मलाही पटलं. वय 43, शुगर नाही, बीपी नाही, दर रविवारी राजहंसगड चढतो. तुमच्याकडच्या साध्या सीटीतही खडा निघाला नाही. इंजेक्शननं कळ थांबली, मी चपला शोधायला लागलो. तुम्ही तिसऱ्यांदा पट्टा बांधलात. 180/110. "स्वल्प तडीरि," म्हणालात कानडीत, म्हणजे जरा थांबा.

बायकोच्या पिशवीत रक्तदानाचं कार्ड होतं, त्यावर 120/80. तुम्ही ते मागून घेतलंत. खडा नाही, बीपी नवा, लघवीत रक्त, रक्तात एलडीएच (शरीरातल्या पेशी मरायला लागल्या की वाढतं ते) वाढलेलं. एवढं फोनवर मोठ्या डॉक्टरांना सांगून शिरेत डाय टोचून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, करायला लावलीत.

मूत्रपिंडाची रोहिणी आतून फाटली होती. माझ्या जाकिटाचं अस्तर चिमटीत धरून तुम्ही समजावलंत: अस्तर उसवलं की रक्त त्या फटीत शिरतं, खरी वाट चेपते, मूत्रपिंडाचा तेवढा भाग उपाशी राहतो. उपाशी मूत्रपिंड मग बीपी चढवायला लावतं. विणकराला याहून सोपं कोण सांगणार!

पण सर्वांत मोठे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. त्या दिवशी मी एकट्यानं मागावर बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ, चढवला होता. "मी हाताला असते तर..." म्हणून बायको कोपऱ्यात रडत होती. ड्युटी संपलेली असताना तुम्ही तिच्याजवळ बसलात. काहींच्या रोहिणीची भिंत मुळातच सदोष असते, कधी जोराचं ओझं निमित्त होतं, पण धडधाकट माणसांत पुष्कळदा कारण सापडतच नाही. हे मोडक्यातोडक्या मराठीत, तिला कळेपर्यंत सांगितलंत. त्या रात्री ती जेवली.

ऑपरेशन लागलं नाही. रक्त पातळ करायची औषधं आणि बीपीच्या गोळ्या, एवढ्यावर भागलं. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी झाला. वाट मोकळी झालीय. मूत्रपिंडाचा खालचा तुकडा आक्रसला तो आक्रसलाच, पण बाकीचं नीट काम करतंय. काल बीपी 126/82.

बीम आता धाकटा भाऊ चढवतो. पहिल्या बीमातली जांभळ्या काठाची एक साडी बायकोनं विकू दिली नाही. घडी करून फडताळात ठेवलीय, तुमच्यासाठी.

तुमचा,
वडगावचा पेशंट