थंड सीट चालेना? मॉड्यूल बदलण्याआधी हवा, कनेक्टर आणि अर्थची वायर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअप ट्रकची थंड सीट चालेनाशी झाली की गाडीमालकाची तक्रार एकच असते, ‘सीट गार होत नाही’. वर्कशॉपमध्येही पुष्कळदा ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मॉड्यूल गेलं, बदला.’ हे कंट्रोल मॉड्यूल म्हणजे सीटची यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि तो महाग असतो. तो बदलल्यावरही सीट पहिल्यासारखीच राहते, कारण दोष निघतो कचऱ्याने बुजलेल्या फिल्टरमध्ये नाहीतर सीटखालच्या सैल कनेक्टरमध्ये. वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर नव्या गाड्यांच्या सोयींची वर्णनं भरपूर असतात. ती सोय बिघडली तर कुठून बघायला सुरुवात करायची, हे सहसा नसतं. म्हणून हे पत्र.

मुळात ‘एसी सीट’ हा शब्दच फसवा आहे. एसीचा गॅस, कॉम्प्रेसर, कूलिंग कॉइल यांतलं काहीही सीटपर्यंत पोचत नाही. बऱ्याच गाड्यांत असतात ते नुसते पंखे. बसायच्या गादीत एक आणि पाठीत एक छोटा ब्लोअर, त्याच्यापुढे हवा पसरवणारा जाळीदार थर आणि वर बारीक भोकांचं लेदर. काही गाड्यांत पंखा हवा बाहेर ढकलतो, काहींत आत ओढतो. हवा केबिनचीच. अंगाखालची दमट हवा हलते, घाम वाळतो, म्हणून गार वाटतं. त्यामुळे तासन्‌तास उन्हात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये बसल्या बसल्या सीट गार लागली नाही, तर तो बिघाड नव्हे. काचा उतरवून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, एसी लावावा आणि दहाएक मिनिटांनी सीटबद्दल मत बनवावं.

दुसऱ्या प्रकारात पंख्याबरोबर थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल असतं. १८३४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांच्या लक्षात आलेला परिणाम इथे कामाला येतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीजप्रवाह गेला की एक सांधा गार होतो, दुसरा तापतो. आजच्या मॉड्यूलमध्ये बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहक पदार्थाच्या अशा अनेक जोड्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रवाहाची दिशा उलटी केली की तीच सीट हीटर होते. २००९ ते २०१४ च्या फोर्ड एफ-१५० च्या वरच्या व्हेरिएंटमध्ये हा प्रकार होता. ओळखायची खूण सोपी आहे. ब्लोअरला पंख्याच्या बारीक वायरींशिवाय जाड वायरींची एक जोडी जाते आणि हवेला दोन वाटा असतात. एक वाट गादीत जाते, दुसरी नको असलेली उष्णता सीटखाली किंवा पाठीमागे सोडते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे मॅन्युअलमध्ये बघूनच पुढे जावं, कारण दोन्हींची तपासणी वेगळी.

पहिली चाचणी टिश्यू पेपरची. इंजिन चालू ठेवा, कारण बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असताना किंवा बॅटरीचा व्होल्टेज पडलेला असताना ही यंत्रणा मुद्दाम बंद ठेवलेली असते. सीट सर्वांत जोराच्या पायरीवर लावा आणि टिश्यूचा पातळ तुकडा गादीच्या भोकांवर ठेवा. हवा ढकलणाऱ्या सीटवर तो थरथरतो, ओढणाऱ्या सीटवर चिकटून बसतो. गादीवर चार-पाच ठिकाणी, मग पाठीवर तसंच बघा. पंख्याचा आवाज येतोय पण टिश्यू ढिम्म हलत नाही, असं असेल तर वायरिंगला हात लावू नका. हवा वाटेतच कुठेतरी अडलेली आहे.

पिकअपमध्ये ती अडण्याचं कारण उघड आहे. पंख्याचं तोंड बहुधा सीटच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. चिखलाचे बूट, सिमेंटची पूड, कुत्र्याचे केस, लाकडाचा भुसा हे सगळं तिथे जातं. शिवाय सीटखाली पाना-पक्कड, दोरखंड, चिंध्या कोंबायची सवय. सीट पूर्ण मागे सरकवून, टॉर्च घेऊन खाली बघा. तोंडावर स्पंजचा किंवा जाळीचा फिल्टर असेल तर तो काढून व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा. स्पंज धुता येतो, पण खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवू नका. कॉम्प्रेसरची हवा आत मारायचा मोह टाळा, तिने धूळ थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूलच्या पत्र्यांमध्ये आणखी घट्ट बसते आणि पंखा गरागरा फिरून बेअरिंग खराब होतं. टक-टक आवाज येत असेल तर पात्यांत काडी किंवा कागद अडकलेला असतो. सतत घुमणारा आवाज बेअरिंगचा, आणि त्या ब्लोअरचे दिवस भरलेले असतात.

फिल्टर स्वच्छ आहे, तरी हवा नाही? मग वरून सीट कव्हर घातलंय का ते बघा. हास्यास्पद वाटेल, पण थंड सीटच्या तक्रारींत याचा वाटा चांगलाच मोठा आहे. जाड रेक्झिनच्या कव्हरमधून हवा जाणार कुठून? लेदरला चकाकी आणणारं क्रीम भोकांत जाऊन वाळलेलं असेल तर मऊ ब्रशने कोरडंच झाडून काढा, पाणी ओतू नका. याहून आतला दोष म्हणजे ब्लोअर आणि गादी यांना जोडणारी घडीची रबरी नळी निसटणं. अशा वेळी हवा सीटखालीच फिरत राहते. हात घातला की गार झोत बोटांना लागतो आणि वर काही नाही. नळी जागेवर बसवून क्लिप लावली की काम झालं. जाळीदार थरच वर्षानुवर्षांच्या वजनाने चेपला असेल, तर मात्र गादी उघडण्यावाचून इलाज नाही.

सीटखाली हात घालण्याआधी एक सूचना, ती कुणी हलक्यात घेऊ नये. तिथे पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टच्या टेन्शनरचे. इग्निशन चालू असताना ते काढू नका आणि त्यांना मल्टिमीटर तर कधीच लावू नका. सीट उचलायचीच असेल तर इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. शेजारच्या सीटच्या गादीत बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर असतो. ती गादी उतरवली तर अनेक गाड्यांत स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्राने, त्या सेन्सरचं शून्य पुन्हा लावून घ्यावं लागतं.

विजेच्या बाजूला वळताना बटणाच्या दिव्याकडे बारकाईने बघा, तो बरंच सांगतो. दिवा लागतच नसेल तर दोष फ्यूज, बटण किंवा बटणापासून कंट्रोल मॉड्यूलपर्यंतच्या संदेशात. दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझत असेल, तर कंट्रोल मॉड्यूल जिवंत आहे. त्याला दोष सापडलाय आणि त्याने स्वतःहून काम थांबवलंय. दोन्ही सीट एकदम बंद पडल्या तर त्यांचा सामाईक फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) किंवा व्होल्टेज बघा. एकच सीट बंद असेल तर दोष बहुधा त्या सीटखालीच. इथे एक गोष्ट हमखास चकवते. काही गाड्यांत गादीचा ब्लोअर बिघडला की पाठीचा चांगला ब्लोअरही बंद केला जातो. म्हणून दोन्ही ब्लोअर थांबलेत म्हणजे दोन्ही गेले, असं धरू नये.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही लगेच उडाला तर वायर बहुधा कुठेतरी सीटच्या लोखंडाला घासली आहे. १५ च्या जागी ३० घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळायची व्यवस्था करणं. सीट पुढे-मागे होते, तसा तिच्याखालचा वायरिंगचा जुडगा रोज वाकतो. सांडलेला चहा किंवा केबिन धुताना मारलेलं पाणी कनेक्टरमध्ये उतरतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना सैल आहेत का ते बघा आणि प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. वरून धड दिसणारी वायर आत तुटलेली असते.

व्होल्टेज मोजायचा तो लोडवर, म्हणजे कनेक्टर जोडलेला आणि सीट चालू असताना, मागच्या बाजूने बारीक पिन घालून. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. ब्लोअरपाशी त्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल, दोन व्होल्ट कमी चालणार नाहीत. मग ब्लोअरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून, गंज घासून पुन्हा आवळा. कनेक्टर काढून मोकळ्या पिनेवर १२ व्होल्ट मिळाले म्हणून वायर ठीक आहे असं समजणं, ही नेहमीची चूक. एकाच तंतूवर तगलेली वायरही मोकळ्या पिनेवर १२ व्होल्ट दाखवते.

पंख्याला बहुधा तीन किंवा चार वायरी असतात. प्लस आणि अर्थ, वेगाचा हुकूम आणणारी एक, आणि चौथी असली तर आपण फिरतोय अशी खबर परत नेणारी. ही खबरेची वायर तुटली की पंखा सुरू होतो आणि थोड्याच वेळात बंद पडतो. वेगाच्या वायरीवर तुकड्या-तुकड्यांचा सिग्नल असतो आणि साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो, म्हणून तिथे ५-६ व्होल्ट दिसले तर घाबरू नये. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्वस्तातला कोड रीडर अनेकदा फक्त इंजिनचेच कोड वाचतो. ‘कोड नाही’ हे त्याचं उत्तर इथे कुचकामी. सीटच्या कंट्रोल मॉड्यूलपर्यंत पोचणारा स्कॅनर हवा. त्यात पंख्याचा मागितलेला आणि प्रत्यक्षातला वेग, सेन्सरचं तापमान हे शेजारी शेजारी दिसतं.

थर्मोइलेक्ट्रिक सीट थंडच्या बटणावर असताना गरम लागत असेल, तर आधी उष्णता बाहेर सोडणारी वाट मोकळी आहे का ते तपासा. ती बुजली की तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरते आणि मॉड्यूल स्वतःच्याच उष्णतेने भाजतं. वाट मोकळी आहे आणि तक्रार दुरुस्तीनंतर सुरू झाली आहे, तर गादीचा आणि पाठीचा कनेक्टर उलटसुलट बसलाय का, हे बघावं. तापमानाचा सेन्सर बऱ्याच ठिकाणी २५ अंशांना १० किलोओहमच्या आसपास असतो आणि गरम झाला की आकडा उतरतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. सेन्सरला ऊब दिली की आकडा सलग खाली यावा, मध्येच उडी मारली तर जोड तुटका आहे. खुद्द मॉड्यूलचा रोध मोजताना घाई नको. त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की ते स्वतःच थोडा व्होल्टेज तयार करतं आणि ओहमचा आकडा खोटा येतो. गाडी दोनेक तास बंद ठेवून, मीटरच्या वायरी सुलट आणि उलट लावून दोनदा मोजा. दोन आकडे जवळपास सारखे आले तर माप खरं. बाहेरून थेट १२ व्होल्ट देऊन मॉड्यूल ‘चालवून बघणं’ मात्र टाळाच. पंखा चालू नसेल तर चांगलं मॉड्यूलही त्यात जळतं.

इतकं करूनही शंका उरली, तर दोन्ही सीटच्या ब्लोअरचा पार्ट नंबर ताडून बघा आणि सारखा असेल तर अदलाबदल करा. दोष ब्लोअरबरोबर दुसऱ्या सीटला गेला तर ब्लोअर खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा कंट्रोल मॉड्यूल.

दुरुस्तीनंतरची चाचणी रिकाम्या सीटवर घेऊन गाडी ताब्यात देऊ अगर घेऊ नये. माणूस बसवून, थंड चालू ठेवून सीट पूर्ण पुढे घ्या, पूर्ण मागे न्या, खाली-वर करा, पाठ आडवी करून उभी करा. ज्या जागी दिवा विझेल त्याच जागी वायर ताणली जाते आहे. सीट तिथेच थांबवून टॉर्च खाली मारा.

आपले,
वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचं काम करणारे काही कारागीर