लाल कार्डवाल्याला चषक?

संपादक महोदय,

आमच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेत परवा पंचांच्या अंगावर धावून गेलेल्या, लाल कार्ड मिळालेल्या पोरालाच उत्कृष्ट खेळाडूचा चषक दिला. हरकत घेतली, तर आयोजकांचं उत्तर तयार : फ्रान्सच्या झिदानला नव्हता का दिला?

दिला होता. पण कसा, तेही सांगावं. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, बर्लिनला, ११० व्या मिनिटाला त्याने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोकं हाणलं आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. इटली पेनल्टीवर ५-३ अशी जिंकली. तरी गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच, कारण बऱ्याच पत्रकारांनी मतं आधीच देऊन टाकली होती. ही माफी नव्हे, घाई! वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला देतात त्या बॅलन डी'ऑरच्या निकषांत आता खेळाडूवृत्तीही मोजतात.

एखाद्या पिवळ्या कार्डापायी कुणाचा चषक हिरावू नये, हे मान्य. (आमच्याकडे पिवळं कार्ड न मिळालेला बचावपटू शोधूनच काढावा लागेल.) पण पंचांवर धावून जाणं वेगळं. फातोर्ड्याला सामना बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी कापणी झालेल्या शेतात तेच करून बघतात.

पुढच्या वर्षी चषकासाठी नाव ठरवण्याआधी निदान शेवटची शिट्टी तरी वाजू द्यावी.

– एक वाचक, फोंडा